जमिनीलाही पोट असते





शेतकी खात्याचा माणूस वार्तापत्रात लिहायला बसला, की लागणीची तारीख, बेणेप्रक्रिया आणि खताचे हप्ते एवढेच लिहिणार, असे आपण धरून चालता. तसे लिहिणे माझे कामच आहे आणि ते मी पुढच्या अंकात करीनच. या खेपेस मात्र थोडा वेगळा विषय घेतला आहे. विषय आहे जमिनीवर सांडणाऱ्या तेलाचा, जळक्या ऑइलचा, पाचटाच्या धुराचा आणि हे सगळे निस्तरणाऱ्या मातीतल्या जिवाणूंचा. यात माझी स्वतःची एक चूक आहे. ती आधी सांगतो, म्हणजे पुढचे बोलायला मला तोंड राहील.

२०१९ सालच्या ऑगस्टमधला महापूर आपल्यापैकी कोणी विसरलेला नाही. पाणी ओसरल्यावर आम्ही गटागटाने पंचनाम्याला हिंडत होतो. नदीकाठच्या एका सभासदाच्या मळ्यात गेलो, तर शेडमधले डिझेलचे बॅरल पुराने उचलून उसाच्या कडेला तारेच्या कुंपणात आणून अडकवलेले. बूच निघालेले. पाणी उतरेल तसे डिझेल तिथेच मुरले होते. दोन-अडीच गुंठ्यांची जागा काळपट, तेलकट झालेली आणि वास असा, की डोके धरावे.

"साहेब, आता ह्या मातीचं काय करू?" त्यांनी विचारले.

मी म्हटले, "आबा, काही काळजी करू नका. वाफसा आला की पलटी नांगर घाला. वरची माती खाली जाईल, खालची वर येईल. जमीन सगळं पचवते."

आबांनी तसे केले. पुढच्या लावणीत सगळे रान उगवले, पण तेवढा तुकडा उगवला नाही. कांड्या डोळ्यांसकट काळ्या पडल्या. त्याच्या पुढच्या वर्षीही तीच गत. शेवटी २०२१च्या उन्हाळ्यात आम्ही तिथे कुदळीने खणले, तर सव्वा-दीड फुटावर माती अजून तेलकटच आणि डिझेलचा वास जसाच्या तसा! दोन वर्षांत जमिनीने काहीच पचवले नव्हते. आबा मला एवढेच म्हणाले, "साहेब, तुम्ही तर म्हणला हुता जमीन सगळं पचवती."

हे वाक्य माझ्या मनाला लागून राहिले. मी कृषी पदविका घेतलेला साधा माणूस आहे, प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ नव्हे. पण वीस वर्षे या मातीत हिंडतो, तेव्हा निदान एवढे तरी मला ठाऊक असायला हवे होते. त्यानंतर जिथून मिळेल तिथून वाचले, जाणकारांना विचारले. त्यातून जे कळले, ते आपल्यापुढे मांडतो.

डिझेल, ऑइल, डांबर यांच्यात एका जातीचे पदार्थ असतात, त्यांना ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन म्हणतात. नाव मोठे आहे, पण गोष्ट साधी. कर्बाचे सहा अणू एकमेकांचे हात धरून गोल फेर धरतात, त्याचे एक कडे होते. एका कड्याचे ते बेंझीन. दोन कडी जोडली की नॅफ्थॅलिन. कपड्यांच्या ट्रंकेत ठेवायची जुनी डांबरगोळी म्हणजे हेच. तीन कडी, चार कडी, पाच कडी, अशी साखळी वाढत जाते. जितकी कडी जास्त तितका पदार्थ चिवट. पाण्यात विरघळत नाही आणि मातीच्या कणाला घट्ट चिकटून बसतो. पाच कड्यांचे बेंझोपायरिन हे तर माणसाला कर्करोग करणारे म्हणून जगभर मान्य झालेले आहे. काजळीचा आणि कर्करोगाचा संबंध काही आजचा नाही. १७७५ साली इंग्लंडमधले शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्या पोरांत तो दाखवून दिला होता.

आता हे कडे फोडायचे कुणी? हे काम मातीतले काही जिवाणू करतात. स्युडोमोनास हे त्यांतले ठळक कुळ. त्याखेरीज मायकोबॅक्टेरियम, ऱ्होडोकॉकस, स्फिंगोमोनास अशीही कुळे आहेत. यांच्याजवळ असे एन्झाइम असते, की ते हवेतला प्राणवायू घेऊन थेट त्या कड्याला जोडते. प्राणवायू बसला की कडे सैल होते, त्याचे कॅटेकॉल नावाच्या पदार्थात रूपांतर होते आणि मग ते कडे फुटते. १९५५ साली जपानी शास्त्रज्ञ ओसामु हायाइशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले, की हे कडे फुटताना त्यात बसणारा प्राणवायू हवेतलाच असतो. कडे एकदा फुटले, की पुढचे सगळे त्या जिवाणूला भाकरीसारखे. त्यातून त्याला शक्ती मिळते, त्याची वाढ होते आणि शेवटी उरतो कर्बवायू आणि पाणी.

तुम्ही म्हणाल, डिझेल तर काल-परवा आले. मातीतल्या जिवाणूला ते खायला कुणी शिकवले? याचे उत्तर आपल्या पाचटात आहे. पाचटात, बगॅसमध्ये, लाकडात लिग्निन नावाचा कठीण भाग असतो. झाडाला ताठपणा येतो तो त्यामुळे. हे लिग्निनसुद्धा असल्याच कड्यांचे बनलेले आहे. कोट्यवधी वर्षे पालापाचोळा जमिनीवर पडतो आहे. बुरश्या त्याचे मोठे तुकडे करतात आणि जिवाणू ते तुकडे फोडून खातात. शेवटची वाट तीच, कॅटेकॉल आणि त्याच्या भावकीतल्या पदार्थांची. म्हणजे पाचट पचवणारे पोट आणि तेल पचवणारे पोट ही फार जवळची आहेत. ज्या जमिनीत पाचट, शेणखत पडत असते तिथे हे पोट मोठे असते. ज्या जमिनीला वर्षानुवर्षे काडी पेटवून नुसत्या युरियावर जगवले, तिचे पोट खपाटीला गेलेले असते.

आपल्याच लोकांनी या विषयात मोठे काम केले आहे, हेही सभासदांनी जाणून घ्यावे. बंगालमध्ये सैंथिया गावी १९३८ साली जन्मलेले आनंद मोहन चक्रवर्ती अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम करीत होते. तेलाचे वेगवेगळे घटक खाण्याची ताकद वेगवेगळ्या स्युडोमोनास जिवाणूंत असते. ती त्यांनी एकाच जिवाणूत आणली. त्याच्या पेटंटचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १६ जून १९८० रोजी पाच विरुद्ध चार मतांनी निकाल चक्रवर्तींच्या बाजूने लागला. मानवाने घडविलेल्या सजीवाला पेटंट मिळू शकते, हे त्या निकालाने ठरले. चक्रवर्ती २०२० साली वारले. त्यांचा तो जिवाणू उघड्यावर तेल साफ करायला मात्र वापरला गेला नाही, हेही लक्षात ठेवा. पुढे बाटलीतल्या जिवाणूंविषयी बोलायचे आहे, तेव्हा ते उपयोगी पडेल.

दुसरी गोष्ट आपल्या मुंबईची. पवईच्या आय.आय.टी.तील शास्त्रज्ञांनी मातीतल्या एका स्युडोमोनास जिवाणूचा अभ्यास केला. २००६ साली त्यांनी प्रसिद्ध केले, की या जिवाणूसमोर ग्लुकोज आणि नॅफ्थॅलिनसारखा कड्यांचा पदार्थ दोन्ही ठेवले, तर तो आधी कड्यांचा पदार्थ खातो आणि मग ग्लुकोजकडे वळतो. साखर बाजूला सारून डांबरगोळी खाणारा प्राणी! साखर कारखान्याच्या वार्तापत्रात याची नोंद व्हायलाच हवी. पुढे या जिवाणूला स्युडोमोनास भारतिका असे नाव मिळाले. दिल्लीच्या टेरी संस्थेनेही तेल खाणाऱ्या पाच जिवाणूंचे मिश्रण तयार केले. ते मक्याच्या बुरकुंडाच्या भुश्यात मिसळून देतात आणि तेल कंपन्यांच्या आवारातला तेलकट गाळ साफ करायला वापरतात.

मग एवढे सगळे जिवाणू असताना आबांच्या रानातले डिझेल दोन वर्षे जसेच्या तसे का राहिले? खरा धडा इथे आहे. जिवाणू आहेत म्हणून काम होतेच असे नाही. त्यांनाही हवा लागते, ओल लागते, ऊब लागते आणि नत्र-स्फुरद लागते. मी तेल खाली गाडायला सांगितले, म्हणजे जिथे हवा नाही तिथे नेऊन घातले. कडे फोडायला प्राणवायू लागतो असे वर म्हटले. तो दीड फुटाखाली, पुराने चोपलेल्या काळ्या जमिनीत कुठून यायचा? जेवायला बसवलेल्या माणसाचे नाक दाबून धरावे, तसा तो माझा सल्ला होता.

हे काही माझ्या एकट्याच्या अनुभवावरून म्हणत नाही. २४ मार्च १९८९ रोजी अमेरिकेतील अलास्काच्या किनाऱ्याजवळ एक्सॉन वाल्डेझ नावाचे तेलवाहू जहाज खडकावर आदळले आणि सुमारे ४ कोटी लिटर कच्चे तेल समुद्रात गेले. मैलोन् मैल किनारा काळा झाला. तिथे साफसफाईत एक उपाय केला, तो ऐकून आपणा शेतकऱ्यांना बरे वाटेल. किनाऱ्यावरच्या गोट्यांवर त्यांनी खत टाकले! कारण असे, की तेल खाणारे जिवाणू तिथे मुळातच होते आणि तेलात कर्ब भरपूर होता, पण नत्र आणि स्फुरद नव्हते. बाहेरून जिवाणू आणण्याऐवजी तिथल्याच जिवाणूंना खताचा हप्ता दिला आणि खत दिलेल्या भागात तेल लवकर सरले. पण जे तेल गोट्यांखाली खोल जाऊन बसले, जिथे हवा आणि खत पोचले नाही, ते पुढे वीस वर्षांनीही सापडत होते. आबांचा तुकडा आणि अलास्काचा किनारा, दोन्हीकडची गोष्ट एकच.

पाचट कुजवताना आपण हेच करतो की नाही? नुसते पाचट टाकले तर ते लवकर कुजत नाही आणि उलट खोडवा पिवळा पडतो, कारण कुजवणारे जिवाणू जमिनीतला नत्र स्वतःकडे ओढून घेतात. म्हणून आम्ही सांगतो, की एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू द्या. कर्बाच्या जोडीला नत्र आणि स्फुरद पाहिजे, हा नियम पाचटाला आहे तसाच तेलालाही आहे. तेलासाठी जाणकार ढोबळ प्रमाण धरतात ते असे : १०० भाग कर्बाला १० भाग नत्र आणि १ भाग स्फुरद.

आता आबांच्या रानाचे पुढे काय केले ते सांगतो, कारण असला प्रसंग कुणावरही येऊ शकतो. तो तेलकट थर आम्ही खणून वर काढला. विहिरीपासून लांब, उंचवट्यावर प्लॅस्टिकचा कागद अंथरून त्यावर ती माती वीतभर जाडीने पसरली, भोवती बांध घातला. त्यात चांगले कुजलेले शेणखत आणि थोडे बगॅस मिसळले, म्हणजे माती पोकळ राहावी. नत्र-स्फुरद एकदम न देता तीन-चार हप्त्यांत दिले. वाफशासारखी ओल ठेवली, चिखल होऊ दिला नाही. पंधरा दिवसांनी एकदा फावड्याने उलथापालथ केली. पावसाळ्यात वर झाकण ठेवले. पहिल्या दोन-तीन महिन्यांत वास बराच उतरला. वर्षभराने त्या मातीत मक्याचे आणि मुगाचे दाणे टाकून पाहिले, ते उगवले. तरी ती माती आम्ही लगेच पिकात घेतली नाही. बांधावर टाकून तिच्यावर ताग केला.

हिशेब आवडणाऱ्या सभासदांसाठी सांगतो. समजा, २० लिटरचा कॅन सांडला. त्यात डिझेल भरले साडेसोळा किलोच्या आसपास आणि त्यातला कर्ब सुमारे १४ किलो. म्हणजे नत्र पाहिजे १ किलो ४०० ग्रॅम, अर्थात युरिया सुमारे ३ किलो. आणि सुपर फॉस्फेट सुमारे २ किलो. एवढ्यावर भागते. "जास्त टाकलं तर लवकर होईल" हा आपला नेहमीचा हिशेब इथे चालत नाही. युरिया जास्त झाला तर तेल खाणाऱ्या जिवाणूंचेच काम मंदावू शकते.

डिझेल सांडले तर पहिल्या तासात काय करायचे, तेही ध्यानात ठेवा. गळती बंद करा. बिडी-काडी लांब ठेवा. पाणी मारू नका. पाण्याने तेल जाते कुठेच नाही, फक्त पसरते आणि खाली उतरते. विहिरीच्या, बोअरच्या, पाटाच्या बाजूने आधी मातीचा बांध घाला. बगॅस, लाकडाचा भुसा किंवा कोरडी माती टाकून तेल टिपून घ्या. ते टिपलेले सामान पेटवू नका. आणि विहिरीच्या पाण्याला वास आला तर ते पिऊ नका, जनावरांना पाजू नका. पाणी उकळून घेऊ म्हणाल, तर त्याने उपाय होत नाही. बेंझीनसारखे पदार्थ वाफेबरोबर घरातच फिरतात. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत द्या, त्यासाठी आमच्या गट कार्यालयाकडे या.

इथवर मी उपाय सांगितले. आता माझे मत सांगतो. काहींना ते आवडणार नाही, पण सभासदांच्या वार्तापत्रात सभासदांशी खरे बोलायचे नाही, तर कुठे बोलायचे?

पहिले मत जळक्या ऑइलविषयी. ट्रॅक्टरचे, इंजिनचे ऑइल बदलले, की जुने ऑइल बांधावर ओतायचे, हे आपल्याकडे सर्रास चालते. कुणी वाळवीसाठी खांबाला लावतो, उरलेले ओढ्यात सोडतो. डिझेल एकवेळ जमीन पचवेल. जळक्या ऑइलचे तसे नाही. इंजिनच्या उष्णतेने त्यात चार-पाच कड्यांचे चिवट पदार्थ वाढलेले असतात. शिवाय इंजिन झिजून त्यात धातू उतरलेले असतात. आणि जिवाणू कडे फोडू शकतात, धातू नाही. शिसे, कॅडमियम जमिनीत गेले ते गेलेच. जमिनीला पोट आहे म्हणून तिने लोखंडाचे चणे खावेत, अशी अपेक्षा करणे बरे नव्हे.

२०१६च्या घातक कचरा नियमांप्रमाणे वापरलेले ऑइल मान्यताप्राप्त पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यायचे असते. पण एखाद्या सभासदाने वर्षाला सात-आठ लिटर ऑइल घेऊन कुठे जायचे? हे काम एकट्याचे नव्हे, सहकाराचे आहे. माझी सूचना अशी, की प्रत्येक गट कार्यालयात एक झाकणाचा ड्रम ठेवावा, सभासदांनी आणि वाहतूकदारांनी जळके ऑइल त्यात आणून द्यावे आणि कारखान्याने ते एकत्र करून योग्य ठिकाणी पाठवावे. याला फार मोठा खर्च नाही.

आणि हे सांगताना आपल्याच घरातला केरही झाकू नये. हंगामात कारखान्याच्या वाहनतळावर शेकडो ट्रॅक्टर उभे असतात. तिथली माती कधी उन्हाळ्यात जाऊन पाहा, डांबरी सडकेसारखी झालेली आहे. पहिला वळीव पडला की ते पाणी कुठे जाते, हे खालच्या अंगाला ज्यांची रानं आहेत त्या सभासदांना विचारा. सभासदाला शहाणपण शिकवण्याआधी कारखान्याने तिथे फरशी करावी, तेल अडवणारा खड्डा बांधावा आणि ऑइल बदलण्याची जागा ठरवून द्यावी. मी कारखान्याचा नोकर आहे हे जाणूनच मी हे लिहितो आहे.

दुसरे मत पाचटाविषयी. पाचट जाळू नका हे आम्ही इतक्या वेळा सांगितले आहे, की आता आम्हालाही त्याचा कंटाळा आला असेल, असे आपणास वाटत असेल. पण या विषयाच्या बाजूने पाहा. पाचट जाळले की त्या धुरात आणि काजळीत तेच कड्यांचे पदार्थ तयार होतात, नॅफ्थॅलिनपासून बेंझोपायरिनपर्यंत. ते आपल्या पोराबाळांच्या छातीत जातात आणि उरलेले परत जमिनीवर बसतात. म्हणजे जमिनीचे अन्न जाळायचे, त्याचे विष करून तिलाच परत वाढायचे आणि वर ते पचवणारे जिवाणूही पृष्ठभागावर भाजून काढायचे! हेक्टरी सुमारे १० टन पाचट निघते. त्यात नत्र ४० ते ५० किलो, स्फुरद २० किलोच्या आसपास, पालाश ९० ते १०० किलो आणि सेंद्रिय कर्ब तीन टनांच्या घरात. यातला नत्र आणि कर्ब तर काडी लावली की बहुतेक सगळा हवेतच जातो.

यावर सभासदांचे म्हणणे मला ठाऊक आहे. मागच्या महिन्यात एका शिवार फेरीत एक तरुण सभासद उठून म्हणाला, "साहेब, तुमचं पटतंय. पण पाचटात उंदीर हुतोय, पाणी फिरत न्हाई आन् कुट्टी करायला यंत्राचं भाडं कोण देणार?" दुसरे एक वयस्कर म्हणाले, "आणि तोडीचं काय? मजूर मिळंना. पेटवला की तोड लगेच मिळती." दोघांचेही म्हणणे खोटे नाही. ते खोटे आहे असे मी म्हटले, तर उद्या माझे कुणी ऐकणार नाही.

विशेषतः दुसऱ्या मुद्द्यात आपलीच चूक आहे. जळीत उसाच्या बिलातून आपण कपात करतो, पण तो वाळू नये म्हणून त्याला तोडही आधी देतो. एका हाताने मारायचे आणि दुसऱ्या हाताने पेढा द्यायचा, असा हा प्रकार झाला. तोडीची वाट पाहून थकलेल्या माणसाला कपात परवडते, कारण पुढचे पीक वेळेवर घ्यायचे असते. अपघाताने किंवा विजेच्या तारेमुळे जळालेल्या उसाची गोष्ट निराळी; त्याला आधी तोड मिळालीच पाहिजे. पण तोडणी कार्यक्रम तारखेप्रमाणे आणि उघडपणे चालला, गट कार्यालयाच्या फळ्यावर रोज यादी लागली, तर मुद्दाम काडी लावण्याचे कारणच उरणार नाही. पाचट कुट्टीची यंत्रे गटवार ठेवून अल्प भाड्याने द्यावीत, आणि जो सभासद सलग तीन वर्षे पाचट राखील, त्याला जिवाणू खत निम्म्या दराने द्यावे. हे दोन ठराव येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे यावेत, अशी माझी संचालक मंडळास नम्र विनंती आहे.

तिसरे मत बाटलीविषयी. अलीकडे चारचाकीतून माणसे येतात, हातात बाटली देतात आणि म्हणतात, "हे जिवाणू सोडा, जमिनीतलं सगळं विष खाऊन टाकतील." सगळेच खोटे बोलतात असे नाही. चांगले जिवाणू खत आम्हीही देतो. पण चक्रवर्तींची गोष्ट आठवा, अलास्काची आठवा. जिथे हवा, ओल आणि अन्न नाही, तिथे बाहेरचा जिवाणू सोडणे म्हणजे दुष्काळी गावात पाहुणे बोलावण्यासारखे आहे. आणि जिथे हे सगळे आहे, तिथे घरचेच पुष्कळ आहेत. म्हणून बाटलीला पैसे देण्याआधी जमिनीत सेंद्रिय कर्ब किती आहे, हे माती परीक्षणात बघा. निचरा बघा. पाटाने रान डुंबवण्याची सवय सोडा, कारण साचलेले पाणी हवेची वाट बंद करते. त्यातूनही घ्यायचेच, तर पक्की पावती आणि मुदतीची तारीख बघून घ्या.

आमच्या आजोबांच्या पिढीत शेतात तेल सांडायचे, ते फार तर कंदिलातले रॉकेल. त्यांनी "जमीन सगळं पचवते" असे म्हटले तर ते त्यांच्या काळात खरे होते. त्या जमिनीला गाडीने शेणखत मिळत होते आणि तिच्यावर भार थोडा होता. आपण भार दसपट केला आणि शेणखत बंद केले. म्हण तीच राहिली, जमीन मात्र ती राहिली नाही. तीच म्हण मीही आबांना ऐकवली आणि त्यांचा दोन वर्षांचा तेवढ्या तुकड्याचा ऊस बुडवला. त्याची भरपाई मला करता आली नाही. हा लेख लिहून थोडीफार होते का, ते पाहतो आहे.

जमीन पचवते, हे खरेच आहे. पण पोट सांभाळले तर. आपण आपल्या बैलाला काय घालतो, किती घालतो, कधी पाणी पाजतो, हे बघतो. जमिनीच्या पोटात कोट्यवधी जीव आपल्यासाठी राबत आहेत. त्यांना ना पगार, ना बोनस, ना शेअर. एवढेच मागतात : पाचट राखा, हवा राहू द्या, पाणी बेताने द्या आणि जे पचणार नाही ते आमच्या ताटात वाढू नका.

या विषयावर कुणाचा वेगळा अनुभव असेल तर जरूर कळवावा. माझे कुठे चुकत असेल तर तेही सांगावे. यापूर्वी चुकलोच आहे, सुधारायची तयारी आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
ऊस विकास अधिकारी